पुस्तक संगणकात आहे, ई-रीडरवर येत नाही : वाचकांचे प्रश्न

ई-रीडरवर फाइल जात नाही म्हटले की बरेच जण आधी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र फॅक्टरी रीसेट करतात. या दोन्हींची गरज क्वचितच पडते. दोष बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी असतो. यंत्र संगणकाला दिसत नाही, किंवा फाइल पोचते पण यंत्राला ती उघडता येत नाही, किंवा पुस्तक उघडते पण अक्षरांची दैना झालेली असते. यातले आपले दुखणे कुठले ते आधी ठरवावे. मराठी वाचकांचे सर्वाधिक हाल तिसऱ्या प्रकारात होतात आणि कंपन्यांच्या मदतपानांवर त्याबद्दल जवळजवळ काहीच नसते. म्हणून त्या पत्रांना या वेळी जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : किंडल लॅपटॉपला जोडले की चार्जिंगची खूण येते, पण लॅपटॉपवर ड्राइव्ह दिसत नाही. विंडोज ११ आहे. दुकानदार म्हणतो यंत्राचे पोर्ट गेले. — वाचक, सोलापूर

पोर्टवर खर्च करण्याआधी केबल बदलून पाहा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. पॉवर बँक, ट्रिमर, इअरफोन यांच्याबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा पुष्कळदा नसतातच. अशा केबलने यंत्र व्यवस्थित चार्ज होते, पण संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. तपासायला एक मिनिट पुरते. त्याच केबलने अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात का ते बघा. दिसले नाहीत तर दोष केबलचा.

केबल चांगली निघाली तर यूएसबी हब मधून काढा आणि थेट लॅपटॉपच्या पोर्टात जोडा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टाऐवजी मागचे वापरा. किंडलला पासकोड असेल तर तो टाकून यंत्र उघडा, कुलूपबंद यंत्र आपली फाइल दाखवत नाही. एवढ्यानेही जमले नाही तर किंडलचे पॉवर बटण सलग ४० सेकंद दाबून धरा. मध्येच पर्याय विचारणारी खिडकी आली तरी बोट उचलू नका. यंत्र नव्याने सुरू होते, पुस्तके जात नाहीत.

विंडोजकडून एक खोडी होते ती अशी, की यंत्र ओळखले जाते पण त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. किंडल यादीत असेल आणि त्यापुढे अक्षर नसेल, तर त्यावर उजवी क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून एखादे मोकळे अक्षर द्या. लॅपटॉप कचेरीचा असेल तर मात्र यूएसबी साठवण मुद्दाम बंद केलेली असू शकते, तिथे तुमचा इलाज चालणार नाही.

प्रश्न : जुने किंडल मॅकच्या फाइंडरमध्ये लगेच दिसायचे. नवे पेपरव्हाइट (२०२४चे) अजिबात दिसत नाही. केबल यंत्राबरोबर आलेलीच आहे. — वाचक, पुणे

यंत्रात बिघाड नाही, जोडणीची पद्धत बदलली आहे. जुनी किंडल पेन ड्राइव्हसारखी उघडत. २०२४ मध्ये आलेली पेपरव्हाइट, कलरसॉफ्ट आणि स्क्राइब ही यंत्रे एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात, अँड्रॉइड फोन वापरतात तीच. विंडोजला एमटीपी मुळातच येते, म्हणून ‘धिस पीसी’मध्ये यंत्र दिसते, फक्त त्याला ड्राइव्हचे अक्षर नसते. मॅकला ती येत नाही, त्यामुळे फाइंडर गप्प बसतो.

मॅकवर मधला दुवा लागतो. ओपनएमटीपी हा मोफत प्रोग्राम चालतो. ॲमेझॉनच्या मॅकसाठीच्या ‘सेंड टू किंडल’ ॲपमध्ये यूएसबी फाइल मॅनेजर आहे. आणि कॅलिबर (संगणकावर ई-पुस्तके सांभाळणारा आणि त्यांचे साचे बदलून देणारा मोफत प्रोग्राम) वापरत असाल तर ते स्वतःच एमटीपी यंत्राशी बोलते, दुसरे काही लागत नाही. अट एकच : मॅकवर एका वेळी एकाच प्रोग्रामला यंत्र मिळते. ओपनएमटीपी उघडे असताना कॅलिबरला यंत्र सापडत नाही. त्यामुळे बाकीचे सगळे पूर्ण बंद करा (खिडकी मिटवून भागत नाही, ‘क्विट’ करा), केबल काढून पुन्हा लावा आणि पंधरा-वीस सेकंद थांबा. पूर्वी अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर टाकलेले असेल तर तेही काढून टाका. त्याचा एक मदतनीस पडद्यामागे चालू राहतो आणि यंत्र जोडताक्षणी त्यावर झडप घालतो.

युरोपात राहणाऱ्यांसाठी याच उत्तराला एक जोड. तिथे काही संगणकांवर विंडोजची ‘एन’ आवृत्ती असते. तिच्यात माध्यमांशी संबंधित भाग गाळलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर एमटीपीही गेले आहे. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ टाका आणि संगणक रीस्टार्ट करा.

प्रश्न : विकिस्रोतावरून मराठी पुस्तकाची ईपब फाइल घेतली, किंडलच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये टाकली. फाइल तिथे आहे, पण किंडलच्या यादीत पुस्तक नाही. — वाचक, नागपूर

ईपब हा ई-पुस्तकांचा सर्वसाधारण साचा, पण केबलने टाकलेली ईपब किंडल उघडत नाही, यादीतही दाखवत नाही. गोंधळ होतो याचे कारण असे, की ‘सेंड टू किंडल’ने पाठवलेली ईपब २०२२ पासून चालते. तिथे फाइल आधी ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जाते, तिचे किंडलच्या साच्यात रूपांतर होते आणि मग ती वायफायने यंत्रावर उतरते. केबलच्या वाटेत हे रूपांतर करणारे कुणी नसते.

म्हणजे दोन मार्ग आहेत. पहिला, ‘सेंड टू किंडल’चे वेबपान उघडून फाइल तिथे ओढून टाका. एका फाइलला २०० एमबीची मर्यादा आहे. ईमेलने पाठवायची तर मर्यादा ५० एमबी, आणि ज्या पत्त्यावरून पाठवता तो आधी मंजूर करावा लागतो. ॲमेझॉन खात्यात ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हाइसेस’, त्यात ‘प्रेफरन्सेस’, त्यात ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’. तिथे खाली मंजूर पत्त्यांची यादी आहे. मेल पाठवली आणि काहीच आले नाही, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ या यादीत सापडते.

दुसरा मार्ग कॅलिबरचा. ‘ॲड बुक्स’ने ईपब घ्या, ‘कन्व्हर्ट बुक्स’ दाबा, उजवीकडे वर ‘आउटपुट फॉरमॅट’ एझेडडब्ल्यू३ (किंडलचा साचा) निवडा, यंत्र जोडा आणि ‘सेंड टू डिव्हाइस’ करा. मोबी निवडू नका. तो जुना साचा आहे, फॉन्ट आणि मांडणी दोन्ही बाबतींत एझेडडब्ल्यू३ त्याच्या पुढे आहे. रूपांतर करताना ‘मेटाडेटा’मध्ये भाषा ‘मराठी’ आहे ना, हेही पाहा. ‘इंग्लिश’ राहिली तर शब्द तोडण्याचे आणि शब्दकोशाचे नियम इंग्रजीचे लागतात.

आमचे मत विचाराल तर फोन आणि किंडल दोन्हींवर तेच पुस्तक वाचणाऱ्याने ‘सेंड टू किंडल’ वापरावे, वाचलेले पान दोन्हीकडे जुळते. केबलने टाकलेले पुस्तक त्या एका यंत्रापुरते राहते. पण शेकडो पुस्तकांचा संग्रह असेल, किंवा घरी वायफाय धड चालत नसेल, तर कॅलिबरला पर्याय नाही.

प्रश्न : मोफत मिळालेल्या मराठी पीडीएफ कॅलिबरमधून बदलल्या. काही पुस्तकांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, काहींत मराठी आहे पण वेलांट्या भलतीकडे. काय चुकते आहे? — वाचक, कोल्हापूर

तुमचे काही चुकलेले नाही. दोन वेगळे आजार आहेत, दोन्ही पीडीएफच्या पोटातले.

आधी निदान. पीडीएफ संगणकावर उघडा, दोन ओळी निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रूपांतर करण्याआधी ही चाचणी प्रत्येक मराठी पीडीएफवर करावी. कॅलिबरच्या हाती तेच लागणार आहे जे नोटपॅडला मिळाले.

रोमन अक्षरे आली तर पुस्तक युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी फॉन्ट यांच्यावर मराठी छपाईची कितीतरी वर्षे गेली आणि काही छापखान्यांत आजही काम त्यांच्यावरच चालते. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘कमल’ हा शब्द नोटपॅडमध्ये टाका, तिथे डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरे उमटतील. पानावर मराठी दिसते ते केवळ तो फॉन्ट पीडीएफमध्ये भरलेला असल्यामुळे. रूपांतरात फॉन्ट गळतो आणि आतली खरी अक्षरे उघडी पडतात.

कुठला फॉन्ट आहे ते ॲक्रोबॅट रीडरमध्ये ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट्स’ इथे दिसते. नाव कळले की त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरायचा. श्रीलिपीचा परिवर्तक कृतिदेवला चालत नाही, एवढेच काय, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांतही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. म्हणून आधी एकच परिच्छेद बदलून पाहा, आणि त्यात जोडाक्षरे, रफार, ‘ऱ्या’ आणि अंक यांवर नजर ठेवा. चुका तिथेच होतात. जमले तर सगळा मजकूर बदलून वर्डमध्ये घ्या, प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ शैली द्या आणि वर्डची ती डॉक्स फाइल कॅलिबरमध्ये टाका, अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

आता दुसरा आजार. नोटपॅडमध्ये देवनागरी आली, पण ‘विकास’च्या जागी ‘िवकास’ किंवा नुसते ‘वकास’, आणि जोडाक्षरांतले अर्धे अक्षर बेपत्ता. इथे फॉन्ट युनिकोडच आहे. मात्र पीडीएफ हा साचा कागदावर कुठे काय उमटवायचे याचा हिशेब ठेवतो, शब्द कसा लिहिला याचा नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे उमटते, युनिकोडमध्ये मात्र ती अक्षरानंतर साठवली जाते. पीडीएफमधून मजकूर उपसताना कागदावरचा क्रम मिळतो आणि वेलांटी पुढे उडी मारते. जोडाक्षर हा एकच आकार असेल आणि तो कोणत्या अक्षरांचा बनला याची नोंद पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ठेवली नसेल, तर तो गळूनच जातो. शोधा-बदला करून हे दुरुस्त करण्यात दिवस घालवू नका. ‘ि’ पुढच्या अक्षरामागे नेणे सोपे आहे, गळालेले अक्षर परत आणता येत नाही.

अशा फाइलसाठी सरळ ओसीआर करा, म्हणजे पानाचे चित्र वाचून मजकूर नव्याने तयार करायचा. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम मराठी जाणतो, फक्त त्याची मराठी भाषाफाइल वेगळी टाकावी लागते. पाने ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) चित्रात बदलून द्या, त्याहून कमी असली तर अनुस्वार पुसले जातात. दुसरी सोय गुगल ड्राइव्हची : पीडीएफ तिथे चढवा, उजवी क्लिक, ‘ओपन विथ’, ‘गुगल डॉक्स’. मोठे पुस्तक एका दमात जात नाही, तुकडे करून द्यावे. दोन्हीकडे मुद्रितशोधन तुम्हालाच करायचे आहे. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल, हरवलेले अनुस्वार, आणि दंडाच्या जागी शिरलेला काना या नेहमीच्या जागा.

एवढे कष्ट प्रत्येक पुस्तकासाठी घेण्यात अर्थ नाही, एकदाच वाचायचे असेल तर नाहीच नाही. तिथे पीडीएफ पीडीएफच ठेवा आणि पान लहान पडद्यावर वाचता येईल असे करा. हिशेब असा आहे. ६ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९१ मिमी आणि उंची १२२ मिमी. ए४ पान २१० मिमी रुंद. ते उभ्या पडद्यात बसवले की १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होते, ते कोण वाचणार? यंत्र आडवे धरले तर ७ पॉइंट. आणि दोन्ही बाजूंचा २५-२५ मिमी समास कापून टाकला, तर आडव्या पडद्यावर ९ पॉइंट मिळतात. तेवढे पुरते.

समास कापायला केटूपीडीएफऑप्ट हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात ‘फिट विड्थ’ निवडले की समास काढून पानाचे आडव्या पडद्यापुरते तुकडे होतात. त्याची नेहमीची पद्धत याहून पुढची आहे : पानाच्या चित्रातले शब्द सुटे करून तो ते लहान पडद्यावर नव्याने मांडतो. शिरोरेषेमुळे मराठी शब्द सलग राहतो, म्हणून तो मधोमध तुटण्याची भीती कमी. जुना श्रीलिपी फॉन्ट असो की स्कॅन केलेले पान, त्याला फरक पडत नाही, कारण तो अक्षरे वाचतच नाही. मात्र तयार झालेले पुस्तक चित्रांचे असते. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षराचा आकार यंत्रावर बदलत नाही आणि फाइल मूळपेक्षा बरीच फुगू शकते. दोन स्तंभांतल्या दिवाळी अंकाचे स्तंभ या पद्धतीत तो सहसा स्वतःच ओळखतो.

प्रश्न : नोटपॅडमधून मराठी टिपणे टीएक्सटी करून किंडलवर टाकली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हे. मित्राच्या ईपबमध्ये मात्र चित्रविचित्र चिन्हे येतात. एकच रोग आहे का? — विद्यार्थिनी, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)

नाही. खूण पाहून रोग ओळखता येतो, आणि ही ओळख आयुष्यभर उपयोगी पडते.

प्रश्नचिन्हे असली तर मजकूर मेला आहे. फाइल ‘अन्सी’ एन्कोडिंगमध्ये (अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या एका जुन्या पद्धतीत) साठवली गेली, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून नोटपॅडने प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचे प्रश्नचिन्ह लिहिले. कुठलाही प्रोग्राम ते परत आणू शकत नाही, मूळ टिपणे शोधा. पुन्हा साठवताना ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत तळाशी ‘एन्कोडिंग’समोर यूटीएफ-८ निवडा. विंडोज १०च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड हे आपणहून करते, त्याआधीच्या विंडोजवर हाताने करावे लागते.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याशेजारी चार काट्यांचे गोल चलनचिन्ह, मध्येच जपानी येनचे चिन्ह, अशी रांग दिसली तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक अक्षर तीन बाइट घेते. वाचणाऱ्याला एन्कोडिंग कळले नाही की तो एकेक बाइट एकेक युरोपीय अक्षर म्हणून दाखवतो. मित्राच्या ईपबमध्ये एन्कोडिंगची घोषणा लिहिलेली नसणार, आणि ‘सेंड टू किंडल’ अशा वेळी भलताच अंदाज बांधते. ती ईपब कॅलिबरमध्ये घेऊन ईपबमधून पुन्हा ईपबमध्येच बदला. कॅलिबर प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर यूटीएफ-८ची घोषणा लिहिते. मग पाठवा. टीएक्सटी फाइल असेल तर रूपांतराच्या खिडकीत ‘लूक अँड फील’मध्ये ‘इनपुट कॅरेक्टर एन्कोडिंग’ असे खाते आहे, तिथे यूटीएफ-८ लिहा.

आणि रिकाम्या चौकोनांची ओळ दिसली तर एन्कोडिंग बरोबर आहे, यंत्राकडे देवनागरी फॉन्ट नाही. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : कोबो (किंडलसारखाच दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर) वापरतो. कॅलिबरमधून टाकलेल्या मराठी ईपबमध्ये चौकोन दिसतात. शिवाय ग्रंथालयातून उतरवलेले इंग्रजी पुस्तक २-३ केबीची फाइल निघाली आणि यंत्र ती उघडत नाही. — वाचक, टोरांटो

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. ती फाइल एसीएसएम असणार. ते पुस्तक नव्हे, पुस्तक घेण्याची परवानगी आहे. ती संगणकावर ॲडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडायची, मग खरी ईपब उतरते. कोबो जोडून पडद्यावर ‘कनेक्ट’ दाबा, डिजिटल एडिशन्सच्या डाव्या पट्टीत यंत्र दिसले की पुस्तक त्यावर ओढा. संगणक आणि यंत्र दोन्हींवर एकच ॲडोबी आयडी हवा. ‘ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर’ अशी चूक आली तर ती परवानगी आधी दुसऱ्या आयडीने उघडली गेली आहे. पुस्तक परत करून पुन्हा घेणे हाच उपाय. खरे तर बऱ्याच कोबोंत ओव्हरड्राइव्ह (ग्रंथालयांची ई-पुस्तके देणारी सेवा) आतच असते, ग्रंथालयाचे खाते तिथे जोडलेत तर केबलचा व्यापच नको.

आता चौकोन. कोबो संगणकाला जोडा, सर्वांत बाहेरच्या पातळीवर ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर करा (इंग्रजीत, सगळी लहान अक्षरे) आणि त्यात युनिकोड देवनागरी फॉन्टच्या टीटीएफ फाइल टाका. मुक्त आणि मोफत फॉन्ट पुष्कळ आहेत. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यावर बारीक रेघ फिकी पडते, म्हणून मुक्ता घेणार असाल तर ‘रेग्युलर’पेक्षा ‘मीडियम’ वजन चांगले दिसते. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या. तो खास मराठीसाठी आखलेला आहे आणि वाचायला फार सुंदर आहे. व्यवस्थित इजेक्ट करा, पुस्तक उघडा आणि अक्षरांच्या मेन्यूतून फॉन्ट निवडा.

फॉन्ट लागूनही जोडाक्षरे सुटी पडली तर ईपबचे केपब (कोबोचा स्वतःचा साचा) करून पाहा. कोबोत साधी ईपब ॲडोबीचे इंजिन उघडते आणि केपब कोबोचे स्वतःचे, त्यामुळे एकाच पुस्तकाची मांडणी दोन्हींत वेगळी येऊ शकते. हे रूपांतर करणारा केपबिफाय हा प्रोग्राम मोफत आहे.

किंडलवाल्यांनाही ‘फॉन्ट्स’ फोल्डरची सोय आहे, पण तिथे तातडी नसते. ॲमेझॉनने १ डिसेंबर २०१६ रोजी हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तके किंडलवर आणली, आणि तेव्हापासूनच्या यंत्रांत देवनागरी फॉन्ट आतच असतो.

प्रश्न : विकत घेतलेली किंडल पुस्तके संगणकावर उतरवून केबलने टाकत असे. ते बटण आता सापडत नाही. — वाचक, मडगाव

ते ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी काढून टाकले. विकत घेतलेली पुस्तके आता थेट वायफायने यंत्रावर उतरवावी लागतात. जुन्या यंत्राचे वायफाय बंद पडले असेल तर त्यांना केबलचा रस्ता उरलेला नाही. पुस्तके तुमच्या हाती राहावीत असे वाटत असेल, तर खरेदीआधी प्रकाशक कुलूप नसलेली (म्हणजे कुठल्याही यंत्रावर कॉपी करता येणारी) ईपब देतो का ते विचारा.

प्रश्न : मॅकवरून जुन्या किंडलमधली बरीच पुस्तके डिलीट केली, तरी जागा भरलेलीच. शिवाय यादीत टिंबाने सुरू होणारी नावे दिसतात, ती उघडत नाहीत. — वाचक, डोंबिवली

दोन्ही मॅकच्या सवयी आहेत. ड्राइव्ह म्हणून उघडणाऱ्या यंत्रातली फाइल डिलीट केली की मॅक ती त्याच यंत्रावरच्या एका लपलेल्या कचरापेटीत हलवतो. यंत्र जोडलेले असतानाच ‘एम्प्टी ट्रॅश’ करा, जागा मोकळी होईल. टिंब आणि अंडरस्कोअर यांनी सुरू होणाऱ्या छोट्या फाइली मॅकने स्वतःच्या नोंदींसाठी केलेल्या असतात. फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब ही तीन बटणे एकत्र दाबली की त्या दिसू लागतात, ‘डॉक्युमेंट्स’मधल्या तेवढ्याच डिलीट करा. त्याच नावाच्या खऱ्या पुस्तकाला हात लावू नका.

प्रश्न : एका रात्रीत ४०० पुस्तके टाकली. तेव्हापासून किंडल अडखळते आणि बॅटरी दिवसभरही टिकत नाही. — वाचक, नाशिक

शोधसूची बनते आहे. नवे पुस्तक आले की किंडल त्यातला शब्द न् शब्द नोंदवून ठेवते, ‘सर्च’ चालावा म्हणून. ४०० पुस्तकांना वेळ लागणारच. यंत्र चार्जरला लावून रात्रभर ठेवा, विमान मोड चालू ठेवलात तर उत्तम. पुढच्या वेळी वीस-तीसच्या खेपा करा.

दोन-तीन दिवसांनीही तेच चालू असेल तर एखादी बिघडलेली फाइल आत अडकली आहे. शेवटी टाकलेली पुस्तके काढा, ४० सेकंदांचे रीस्टार्ट करा, बॅटरी पूर्ववत झाली की निम्मी परत टाका. त्रास ज्या निम्म्यात येईल त्याचे पुन्हा निम्मे करा. आठ-नऊ फेऱ्यांत ४०० मधली एक फाइल हाती लागते, पण त्याआधी संगणकावर फाइलींचा आकार पाहा. शून्य बाइटची फाइल दिसली तर तीच चोर. कॉपी पूर्ण होण्याआधी केबल ओढली की अशा फाइली तयार होतात. पट्टी शंभर टक्क्यांना पोचली म्हणून कॉपी झाली असे धरू नका, संगणक शेवटचा भाग स्मृतीत धरून नंतर लिहितो. ‘इजेक्ट’ करायचे ते यासाठी.

प्रश्न : जोडल्यावर विंडोज कधी ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारते, तर एकदा ‘फॉरमॅट’ विचारले. काय दाबावे? — वाचक, लातूर

स्कॅन चालेल, करून घ्या. फॉरमॅटला कधीही हो म्हणू नका. ‘कॅन्सल’ दाबा, यंत्र रीस्टार्ट करा, दुसऱ्या केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा.

प्रश्न : फॅक्टरी रीसेट करावेच लागणार आहे. केबलने टाकलेल्या पुस्तकांतल्या माझ्या खुणा आणि टिपणे वाचवता येतील का? — निवृत्त शिक्षक, वाई

येतील. यंत्र जोडा आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे पूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी करा. त्यात ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची एक टीएक्सटी फाइल असते. अधोरेखित केलेली प्रत्येक ओळ आणि लिहिलेले प्रत्येक टिपण तिच्यात तारखेसह असते. ती नोटपॅडमध्ये उघडते, छापताही येते. याशिवाय प्रत्येक पुस्तकाशेजारी त्याच्याच नावाचे, शेवटी एसडीआर असलेले फोल्डर दिसेल. वाचनाचे पान आणि पुस्तकातल्या खुणा त्यात राहतात. रीसेटनंतर पुस्तक आणि त्याचे एसडीआर फोल्डर दोन्ही, नावात काडीचाही बदल न करता, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये परत ठेवा आणि इजेक्ट करूनच पुस्तक उघडा. कॅलिबरमधून पुस्तक नव्याने बदलून टाकलेत तर जुन्या खुणा त्याला जुळणार नाहीत, म्हणून तीच जुनी फाइल परत टाकायची.